तू, तुम्ही आणि पडद्यावरचा 'यू'

फ्रेंच शिकणाऱ्या मुलांना फ्रेंच चित्रपट दाखवावेत, याबद्दल आता फारसे दुमत राहिलेले नाही. पाठ्यपुस्तकातले संवाद स्टेशनवर तिकीट काढण्यापुरते आणि हॉटेलात कॉफी मागवण्यापुरते असतात. चित्रपटातली माणसे मात्र एकमेकांचे बोलणे तोडतात, रुसतात, खोटे बोलतात, अर्धे शब्द गिळतात. भाषा ज्या घरात, शाळेत आणि रस्त्यावर वावरते ते सगळे समोर दिसते. संस्कृती शिकवायला याहून चांगले साधन नाही, असे शिक्षक म्हणतात आणि ते खरेच आहे.

माझा प्रश्न त्यापुढचा आहे. मराठी मूल हा फ्रेंच चित्रपट कोणत्या भाषेतून पाहते? उत्तर उघड आहे: इंग्रजीतून. पडद्याखालची ओळ इंग्रजी, शब्दार्थांची वही इंग्रजी, आणि चित्रपट संपल्यावरची चर्चाही बहुधा इंग्रजीच. हे इतके अंगवळणी पडले आहे, की यात आपण काही निवड केली आहे हेच लक्षात येत नाही. या लेखात मला असे दाखवायचे आहे, की माणसामाणसांतल्या नात्याची जी गोष्ट फ्रेंच चित्रपट सर्वांत चांगली ऐकवतो, नेमकी तीच इंग्रजी सबटायटलमध्ये पुसली जाते. आणि नेमकी तीच ओळखण्याची तयारी मराठी मुलाजवळ घरातूनच आलेली असते.

हे लिहिण्यामागचा आधार सांगणे भाग आहे. कोल्हापुरातल्या एका खासगी वर्गात मी काही वर्षे महिन्यातून एकदा चित्रपट दाखवून त्यावर मुलांशी बोलत आले आहे. मी प्रशिक्षित शिक्षिका नाही. फ्रेंच शिकले तीही पुस्तके, ध्वनिफिती आणि चित्रपट यांच्याच आधाराने. वर्गातली बहुतेक मुले अकरावी-बारावीची. त्यांतल्या अनेकांनी फ्रेंच घेतलेले असते ते मराठीला पर्याय म्हणून, कारण फ्रेंचमध्ये गुण अधिक पडतात असा सार्वत्रिक समज आहे. म्हणजे हे मूल एक भाषा सोडून दुसरी घेते. या सौद्यात त्याच्या हातून काय जाते, हाही या लेखाचाच विषय आहे.

१. अठरा महिने आणि एक सर्वनाम

फ्रेंचमध्ये समोरच्याला उद्देशून बोलायला दोन सर्वनामे आहेत: 'त्यू' आणि 'वू'. मराठीत तीन: तू, तुम्ही, आपण. आजच्या इंग्रजीत एकच, 'यू'. पाठ्यपुस्तक पहिल्याच धड्यात सांगते, की 'त्यू' अनौपचारिक आणि 'वू' औपचारिक. मुले ते पाठ करतात आणि तिथेच विषय संपतो. तो संपत नाही, हे कळते ते चित्रपटात.

ज्याँ रन्वारचा 'ला ग्रांद इल्यूजियाँ' हा १९३७ चा चित्रपट. पहिल्या महायुद्धात जर्मनांच्या हाती सापडलेल्या फ्रेंच अधिकाऱ्यांची ही गोष्ट. बोएल्द्यू हा खानदानी सरदारघराण्यातला कॅप्टन. मारेशाल हा साध्या घरातून, यंत्रकामातून वर आलेला अधिकारी. दोघे कैदेत शेजारी राहिले, एकत्र जेवले, एकत्र पलायनाचे बेत रचले. पलायनाच्या आधी बोएल्द्यू शांतपणे आपले पांढरे हातमोजे धूत असतो. तेव्हा मारेशाल म्हणतो, की अठरा महिने झाले आपण सोबत आहोत, तरी अजून एकमेकांना 'वू'च म्हणतो. बोएल्द्यूचे उत्तर असे, की तो आईलाही 'वू' म्हणतो आणि बायकोलाही.

दोन वाक्यांचा हा प्रसंग. पण बोएल्द्यू थोड्याच वेळात मारेशालसाठी प्राण देणार आहे, हे लक्षात घेतले की त्या सर्वनामाचे वजन कळते. तो मित्रासाठी मरू शकतो, पण त्याला 'तू' म्हणू शकत नाही. एका वर्गाचा सगळा इतिहास त्या न उच्चारलेल्या 'त्यू'मध्ये आहे. इंग्रजी सबटायटलकाराची इथे पंचाईत होते. 'तू मला यू म्हणतोस आणि मी तुला यू म्हणतो' असे लिहून काय साधणार? त्याला 'औपचारिक' अशा अर्थाचा एखादा शब्द आणून वेळ मारून न्यावी लागते. ते स्पष्टीकरण होते. माणसाचे बोलणे राहत नाही.

मराठीत मात्र कोणतीच कसरत लागत नाही. 'अठरा महिने झाले, अजून आपण अहो-जाहोच करतो' एवढे म्हटले की पुरे. आमच्या वर्गात हे वाक्य सांगताच मुले हसली, कारण त्यांना बोएल्द्यू एकदम ओळखीचा वाटला: जुन्या वाड्यातला, आईला 'आईसाहेब' म्हणणारा, जेवतानाही ताठ बसणारा माणूस. कोल्हापुरात असा माणूस दाखवण्यासाठी फार लांब जावे लागत नाही.

पण ओळख पटली म्हणजे काम संपले, असे नाही. फरक तिथून पुढे सुरू होतो. आपल्याकडे बायको नवऱ्याला 'अहो' म्हणते आणि नवरा तिला 'अगं' म्हणतो. रस्ता एकतर्फी आहे. बोएल्द्यूच्या घराण्यातल्या रीतीत 'वू' दोन्ही बाजूंनी जातो. एका विद्यार्थिनीने विचारले, 'म्हणजे तोही तिला अहो म्हणतो?' या एका प्रश्नातून फ्रेंच सरदारवर्ग आणि मराठी कुटुंब या दोहोंविषयी जेवढे बोलता आले, तेवढे 'औपचारिक-अनौपचारिक' या तक्त्यातून कधीच बोलता आले नसते.

याच चित्रपटात आणखी एक गोष्ट आहे. बोएल्द्यू आणि जर्मन अधिकारी राउफेनश्टाइन हे दोघे शत्रू, पण वर्गाने एक. इतरांना कळू नये असे काही बोलायचे असले, की ते मध्येच इंग्रजीत शिरतात. घरकामाला आलेल्या बाईसमोर किंवा लहान मुलांसमोर इंग्रजीत बोलणारी कुटुंबे आपल्याही ओळखीची असतात. सगळा चित्रपटच इंग्रजी ओळीवरून वाचणाऱ्याला मात्र इथे पात्रांनी भाषा बदलली, हे सहज निसटून जाते.

२. अरे-तुरेचे राजकारण

लोराँ कांतेचा 'आंत्र ले म्यूर' हा २००८ चा चित्रपट. त्या वर्षी कान महोत्सवातले सर्वोच्च पारितोषिक त्याला मिळाले. नावाचा अर्थ 'भिंतींच्या आत'. इंग्रजीत तो 'द क्लास' झाला आणि भिंती गेल्या. फ्रान्स्वा बेगोदो या शिक्षक-लेखकाच्या पुस्तकावर तो आधारलेला असून शिक्षकाची भूमिकाही त्यानेच केली आहे. मुले खऱ्या शाळेतली, पॅरिसच्या विसाव्या विभागातली. आईवडील माली, मोरोक्को, चीन, कॅरिबियन बेटे अशा ठिकाणांहून आलेले.

हा चित्रपट मुळात भाषेच्या तासाविषयीच आहे. एका प्रसंगात शिक्षक क्रियापदाचे एक जुने, पुस्तकी रूप शिकवतात आणि मुले विचारतात, की असे बोलते तरी कोण? शिक्षकांकडे धड उत्तर नसते. दुसऱ्या प्रसंगात उदाहरणाच्या वाक्यात ते 'बिल' हे नाव घेतात, आणि मुली विचारतात, की नेहमी असलीच नावे का? आमच्या नावांपैकी एखादे का नाही? मराठी व्याकरणाच्या पुस्तकात पिढ्यान्‌पिढ्या 'राम आंबा खातो' वाचलेल्या कोणालाही हा प्रश्न परका वाटणार नाही.

चित्रपट कलाटणी घेतो तो एका सर्वनामाभोवती. सुलेमान हा मालीहून आलेल्या कुटुंबातला मुलगा रागाच्या भरात शिक्षकांना 'वू'ऐवजी 'त्यू' म्हणतो. शिक्षकांना ते लागते. गंमत अशी, की शिक्षक त्याला रोज 'त्यू'च म्हणत आले आहेत. मग प्रकरण वाढत शिस्त समितीपुढे जाते. तिथे सुलेमानच्या आईला फ्रेंच येत नाही. आपला मुलगा चांगला आहे, घरी मदत करतो, असे ती आपल्या भाषेत सांगते. आणि आपल्याच बाजूचे आईचे ते बोलणे फ्रेंचमध्ये समितीला सांगण्याचे काम सुलेमानवरच येते. तो शाळेतून जातो.

मराठी प्रेक्षकाला इथे काय ऐकू येते? 'सरांना अरे-तुरे केले.' या चार शब्दांत त्याला गुन्हाही कळतो आणि शिक्षकाचा दुखावलेला मानही कळतो. पुढचा प्रश्न त्याहून महत्त्वाचा. कोकणात आणि गोव्यात वडीलधाऱ्यांनाही 'तू' म्हणण्याची रीत आहे. त्या बोलीतून आलेल्या मुलाचा 'तू' उद्धटपणाचा नसतो, पण घाटावरच्या वर्गात तो तसा ऐकला जातो. कोणाचा 'तू' आपुलकीचा आणि कोणाचा उर्मटपणाचा, हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे असतो? 'आंत्र ले म्यूर' हेच विचारतो.

या सर्वनामाचा एक काळा इतिहासही आहे. ३० जून १९६० रोजी काँगो स्वतंत्र झाला. त्या समारंभात बेल्जियमच्या राजासमोर पात्रिस लुमुंबा यांनी फ्रेंचमध्ये भाषण केले. गुलामीच्या यातना मोजताना त्यांनी सांगितले, की काळ्या माणसाला 'त्यू' म्हटले जाई ते मित्र म्हणून नव्हे. सन्मानाचा 'वू' गोऱ्यांसाठीच राखून ठेवलेला होता. हे इंग्रजीतून समजून घ्यायचे तर तळटीप लागते. मराठीत लागत नाही. सवर्ण घरातल्या पोराने साठ वर्षांच्या दलित म्हाताऱ्याला 'अरे' म्हणावे आणि म्हाताऱ्याने त्या पोराला 'जी' म्हणावे, हे आपल्या गावांनी पाहिले आहे. शाहू छत्रपतींच्या या गावात तरी ते उलगडून सांगण्याची गरज पडू नये. लुमुंबांची ती तक्रार मराठी माणसाला आतून कळू शकते, आणि ती तशी कळणे हाच संस्कृतीचा पाठ आहे.

उलट बाजूही सांगायला हवी. १७९३ मध्ये, राज्यक्रांतीच्या ऐन भरात, सर्वांनी एकमेकांना 'त्यू'च म्हणावे अशी चळवळ फ्रान्समध्ये झाली. समतेचा अर्थ तेव्हा सर्वांना 'तू' असा लावला गेला. आपल्याकडच्या सुधारणावादी चळवळींनी बहुधा उलट मार्ग धरला: ज्यांना कोणी 'अहो' म्हणत नव्हते त्यांना 'अहो' म्हणायचे. एका समाजात समता खाली उतरून आली, दुसऱ्यात वर चढून. कॅथलिक चर्चच्या फ्रेंच प्रार्थनेत देवाला 'वू'ऐवजी 'त्यू' म्हणणे अधिकृतपणे आले ते १९६६ मध्ये. आपल्या संतांनी विठोबाला सातशे वर्षांपूर्वीच 'तू' म्हणून टाकले होते. ही तुलना मुलांसमोर ठेवली, की दोन्ही भाषा एकमेकींच्या उजेडात दिसू लागतात.

३. चारशे आणि सतराशे साठ

सर्वनामांखेरीजही इंग्रजीच्या वाटेने गेल्यावर बरेच काही हरवते. फ्रान्स्वा त्रुफोचा १९५९ चा पहिला मोठा चित्रपट जगभर 'द फोर हंड्रेड ब्लोज' या नावाने ओळखला जातो. आपल्या फिल्म सोसायट्यांतही तेच नाव रूढ आहे. ते नाव ऐकून कित्येक प्रेक्षक आंत्वान द्वानेल या पोराला कोण किती फटके मारते हे मोजत बसतात. मूळ फ्रेंच नावात फटके नाहीत. 'चारशे कू करणे' हा वाक्प्रचार आहे. अर्थ असा, की नाही नाही ते उद्योग करणे, उच्छाद मांडणे. त्याचे मूळ १६२१ मधल्या मोंतोबाँच्या वेढ्यात चारशे तोफा डागल्या गेल्या त्यात आहे, असे सांगतात.

मी मुलांना या नावाचे मराठी करायला सांगितले. 'धुडगूस', 'उनाडक्या', 'उचापती' असे शब्द आले. मग एकाने 'सतराशे साठ भानगडी' म्हटले आणि वर्ग थांबला. फ्रेंच माणूस पोराच्या उपद्व्यापांना चारशेची संख्या देतो, मराठी माणूस सतराशे साठची. दोघांनाही मोजायचे नाही. संख्या वैतागाची आहे. हे मराठीतून कळायला अर्धे मिनिट लागले.

हे काही नवे नाही. हरि नारायण आपट्यांनी मोलियरच्या एका प्रहसनावरून 'मारून मुटकून वैद्यबुवा' केले, तेव्हा त्यांनी हेच केले होते. मूळ नावाचा शब्दशः अर्थ 'स्वतःच्या इच्छेविरुद्ध वैद्य'. 'मारून मुटकून' या दोन शब्दांत इच्छेविरुद्धपणाही आला आणि नाटकातल्या लाकूडतोड्याला खरोखरच काठीने बडवून वैद्य करतात तेही आले.

व्याकरणातही तसेच. निकोला फिलिबेरचा 'एत्र ए आव्वार' हा २००२ चा माहितीपट ओव्हेर्न्य या डोंगराळ भागातल्या एकशिक्षकी शाळेवर आहे. चार वर्षांच्या पोरापासून दहा-अकराच्या मुलांपर्यंत सगळे एकाच खोलीत, आणि निवृत्तीला आलेले एक शिक्षक. नावातले दोन शब्द म्हणजे फ्रेंचची पहिली दोन क्रियापदे: 'असणे' आणि 'जवळ असणे'. मराठीत दुसऱ्यासाठी स्वतंत्र क्रियापदच नाही. गाडी 'माझ्याकडे' असते, भाऊ 'मला' असतो, ताप 'मला' असतो. सगळीकडे 'असणे' एकच, विभक्ती तेवढी बदलते. फ्रेंच माणूस या तिन्ही गोष्टी 'आव्वार'ने सांगतो, आणि भूक, भीती, वयसुद्धा.

इंग्रजीवरून फ्रेंच बनवणारे मूल 'मी भुकेला आहे' या धर्तीवर 'एत्र' वापरून चुकते. त्याला 'मला भूक आहे' ही रचना दाखवली, तर भूक ही आपण असण्याची गोष्ट नसून आपल्याला असण्याची गोष्ट आहे, हे त्याला आपल्याच भाषेतून पटते. त्या माहितीपटातली शाळा तर आपल्या गगनबावडा-शाहूवाडीच्या वाड्यावस्त्यांवर भेटावी अशी आहे. कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याची योजना महाराष्ट्रात २०२३ मध्ये पुढे आली, तेव्हा झालेली सगळी चर्चा या चित्रपटासमोर ठेवून पुन्हा करता येते.

४. कोणती संस्कृती?

'चित्रपटातून संस्कृती' म्हणताना कोणाची संस्कृती, हाही प्रश्न आहे. ज्याँ-पिएर ज्यनेचा 'आमेली' (२००१) हा वर्गात दाखवायचा लाडका चित्रपट. मोंमार्त्र, कॅफे, हिरव्या-लाल रंगांची उबदार छटा. मुलांना तो आवडतोच. पण तो प्रदर्शित झाला त्याच वर्षी सेर्ज कागान्स्की या समीक्षकाने 'लिबेरास्यों' या दैनिकात त्यावर कडाडून टीका केली, की या पॅरिसमधून परदेशांतून आलेली माणसे धुऊन काढली आहेत. टीका अतिरेकी असेल. पण ती वाचल्यावर चित्रपट पुन्हा पाहिला, की वाण्याच्या दुकानात मालकाचे टोमणे खाणाऱ्या ल्युसियाँकडे वेगळ्या नजरेने पाहिले जाते. ती भूमिका मोरोक्कन कुटुंबातून आलेल्या जमेल दबूझने केली आहे. पात्राचे नाव मात्र अस्सल फ्रेंच.

मुलांना हे पटवण्याचा सोपा उपाय म्हणजे आरसा फिरवणे. परदेशातल्या मराठीच्या वर्गात कोल्हापूर शिकवायचे म्हणून तांबडा-पांढरा रस्सा, कुस्तीचा आखाडा, चपला आणि अंबाबाईचे देऊळ एवढेच दाखवले, तर तुम्हाला चालेल का? त्यातले खोटे काहीच नाही. पण 'फँड्री'तला दगड त्यात नाही, आणि 'कोर्ट'मधली न्यायालयाची कंटाळवाणी, कोडगी दुपार त्यात नाही. मग आमेलीच्या पॅरिसवर फ्रान्स कसा संपेल?

शिवाय फ्रेंच बोलते ते केवळ फ्रान्स नव्हे. सेनेगलच्या उस्मान सेंबेनचा 'ला न्वार द...' (१९६६) हा तासाभराचा चित्रपट मी प्रत्येक तुकडीला दाखवते. डाकारची दिउआना एका फ्रेंच कुटुंबाबरोबर आंतीबला येते. मुले सांभाळायची, असे तिला वाटलेले असते. तिथे ती स्वयंपाकीण, मोलकरीण, सगळेच होते. घराबाहेर पाऊल पडत नाही. मोठ्याने ती 'होय बाईसाहेब' याखेरीज फारसे बोलत नाही. मनातल्या मनात मात्र ती अखंड बोलते, आणि तेही सफाईदार फ्रेंचमध्ये. तिला लिहिता-वाचता येत नाही. आईच्या पत्राला तिच्या नावाने उत्तर लिहायला मालकच बसतो, आणि ती ते पत्र फाडून टाकते. शेवटी ती जीव देते.

ती मनात बोलते ते फ्रेंचमध्ये का? तिची भाषा तर वेगळी. सेंबेनने दोनच वर्षांनी 'मांदाबी' हा चित्रपट वोलोफ या आपल्या भाषेत केला, ही त्या प्रश्नावरची त्याची स्वतःची टीका मानता येईल. ज्याच्या वेदनेची भाषा एक आणि ती सांगण्याची भाषा दुसरी, अशा माणसाची गोष्ट आपण फ्रेंचच्या तासाला पाहतो. आणि पाहतो इंग्रजी ओळींवरून. मराठी मुलाने हे तिहेरी अंतर एकदा तरी मोजावे, एवढीच माझी अपेक्षा आहे.

५. आक्षेप आणि मर्यादा

फ्रेंचचे अनुभवी शिक्षक यावर एक रास्त आक्षेप घेतात: वर्गात फक्त फ्रेंच बोलले पाहिजे, मधली भाषा आली की मूल भाषांतर करत बसते. वरच्या पातळीवर हे मान्यच आहे. तिथे फ्रेंच संवादांखाली फ्रेंचच ओळी असाव्यात. पण सुरुवातीच्या दोन-तीन वर्षांत मुलाच्या डोक्यात मधली भाषा असतेच. आपण दारात अडवली म्हणून ती जात नाही. ती इंग्रजी असावी की मराठी, एवढेच आपल्या हाती आहे.

मराठी कानही फसवतो, हे मात्र शिकवावे लागते. आपला 'तुम्ही' मुख्यतः वय आणि मान पाहतो. फ्रेंच 'वू' आधी अंतर पाहतो. पंचविशीतला फ्रेंच तरुण पन्नाशीच्या सहकाऱ्याला बेधडक 'त्यू' म्हणेल, आणि दुकानदार आपल्याहून लहान गिऱ्हाईकाला 'वू'. कोल्हापुरात अनोळखी पोरगाही दुसऱ्याला 'भावा' म्हणून थेट 'तू'वर येतो; पॅरिसमध्ये तसे केले तर समोरचा दोन पावले मागे सरेल. घरात पाणी देणाऱ्या बहिणीला आपण 'धन्यवाद' म्हणत नाही, म्हटले तर तिला चेष्टा वाटते. फ्रेंच घरात 'मेर्सी' न म्हणणारे मूल टोकले जाते. गैरहजर माणसाचा मान मराठी क्रियापदातही ठेवते, 'सर आले' म्हणते. फ्रेंच सर आणि फ्रेंच शिपाई व्याकरणात एकसारखेच येतात.

लिंगाच्या बाबतीत तर उलटाच खेळ आहे. 'मी आले' लिहिताना फ्रेंच मुलगी शेवटी एक जादा अक्षर लिहिते, पण ते ऐकू येत नाही. मराठीत 'आलो' आणि 'आले' हा फरक ऐकू येतो. आणि कोल्हापुरातल्या मुली तर 'मी आलो'च म्हणतात. मग मराठी ओळ लिहिताना पात्राच्या तोंडी कोणते रूप घालायचे, यावर वर्गात चांगला वाद होतो. असा वाद म्हणजेच अभ्यास.

६. काय करता येईल

माझी सूचना साधी आहे. मुलांनी चित्रपटातला पाच मिनिटांचा तुकडा आधी सबटायटलशिवाय पाहावा, मग फ्रेंच ओळींसह, आणि नंतर स्वतः त्याच्या मराठी ओळी लिहाव्यात. पडद्यावर दोन ओळी मावतात, एका ओळीत चाळीसेक अक्षरे, वाचायला काही सेकंद. या बंधनात प्रत्येक वाक्याला 'तू' की 'तुम्ही' हे ठरवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ते ठरवताना कोण कोणाच्या वर आहे, कोण कोणाच्या जवळ आले, नाते कोणत्या वाक्याला बदलले, हे सगळे उलगडावेच लागते. अगदी नवख्यांसाठी आल्बेर लामोरीसचा 'ल बालों रूज' (१९५६) आहे. चौतीस मिनिटांत संवाद जवळजवळ नाहीतच. तांबड्या फुग्याची गोष्ट मुलांनी आधी मराठीत सांगावी, मग जमेल तेवढ्या फ्रेंचमध्ये.

या शहराला ही रीत परकी नाही. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचे मूकपट इथे तयार झाले, तो काळ पाट्यांचा होता. अक्षरओळख नसलेल्या प्रेक्षकांसाठी त्या मोठ्याने वाचून दाखवणारी माणसे थिएटरांत असत. पडद्यावरची गोष्ट प्रेक्षकाच्या भाषेत आणून देणे, हे तेव्हा चित्रपटाचेच काम समजले जाई. आज शाहू स्मारक भवनात जगभरचे चित्रपट पाहायला येणाऱ्या मुलांना ते आधी मराठीत समजावून सांगितले, तर ती त्याच परंपरेची पुढची पायरी होईल.

राहिला तो सौदा, मराठी सोडून फ्रेंच घेण्याचा. गुणपत्रिकेपुरता तो फायद्याचा असेलही. पण बोएल्द्यूचे हातमोजे, सुलेमानचा 'त्यू' आणि लुमुंबांची तक्रार कळण्यासाठी जी जाण लागते ती त्या मुलाने घरात, आईला 'तू' आणि आजोबांना 'तुम्ही' म्हणताना कमावलेली असते. फ्रेंचच्या वर्गाच्या दाराशी तीच खाली ठेवून आत ये, असे आपण त्याला सांगतो. त्याने फ्रेंच जरूर शिकावे, पण ते मराठीसकट शिकावे.